धुरपदा आत्याला मारायची हाक

फार म्हणजे फार वर्षांपूर्वी, आगगाडी नव्हती, सडक नव्हती आणि मीठ बैलांच्या पाठीवर यायचं, त्या काळातली ही गोष्ट. आपल्या वाघझरीचे वंजारी तेव्हा वाघझरीत राहत नव्हते, कुठेच राहत नव्हते. दोनशे बैलांचा तांडा घेऊन इकडचं धान्य उत्तरेला न्यायचे आणि पार रेताडातल्या पांढऱ्या तळ्यावरून मीठ भरून आणायचे. गोण्यांच्या आडोशाला चूल मांडायची आणि उघड्यावर पाठ टेकायची, हाच त्यांचा संसार.

तांड्याचा नाईक होता सटवा. त्याची लेक कौसा पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत कुणाला चुकली आहे? पण कौसाचं माहेरच चालतं होतं, तेव्हा तिची लेक रेताडात जन्मली. त्या मायलेकींना सांभाळायला होती धुरपदा, सटव्याची थोरली बहीण, कौसाची आत्या. विधवा बाई, हाडाची काटक आणि जिभेची तिखट. ती ओरडली की बैलसुद्धा रवंथ करायचे थांबायचे, असं म्हणतात.

त्या वर्षी परतीच्या वाटेवर वाळूचं वादळ उठलं. तीन दिवस ते थांबेना. निवलं तेव्हा वाट पुसली होती आणि वाटेवरची विहीर वाळूनं बुजली होती. पखालींच्या तळाशी नुसता गाळ. आणि समोर ते खारं तळं, नजर पोहोचेल तिथवर पाणी, पण एक घोट घ्यायची सोय नाही. चार बैल दावी तोडून त्यात शिरले, पोटभर प्याले आणि दुपारपर्यंत फुगून, पाय झाडून मेले. कौसाचं दूध आटलं होतं. पोर आधी रडली, मग किरकिरली, मग गप्प झाली. दर थोड्या वेळानं कौसा पोरीच्या नाकापुढं बोट धरून बघायची.

आता एक ऐका, म्हणजे पुढचं कळेल. तांड्यात एक देवाचा बैल असायचा. त्याच्यावर ओझं लादायचं नाही, त्याला चाबूक दाखवायचा नाही आणि त्याच्या पुढं कुणी चालायचं नाही. त्याच्या गळ्यात पितळेची जड घागरमाळ असायची. ती वाजेल तिकडं बाकीचे बैल जायचे आणि बैलांमागं माणसं. कितीतरी पिढ्यांत कुणी त्याला अडवलं नव्हतं. ते चार बैल मेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवाचा बैल उठला, त्यानं हवा हुंगली आणि थेट तळ्याकडं तोंड केलं. त्याच्यामागं उरलेले सगळे बैल उभे राहिले. सगळ्यांना दिसत होतं, सगळ्यांना कळत होतं, पण हात कुणाचा उठेना. सटव्यानं तर हात जोडले होते.

धुरपदा पुढं गेली. बैलाच्या गळ्यातली घागरमाळ तिनं विळ्यानं कापली आणि स्वतःच्या गळ्यात बांधली.

सटवा म्हणाला, "आक्का, देवाच्या पुढं चालू नये."

"देव तहानलाय, सटवा. त्याला खारं-गोडं कळंना झालंय."

एवढं बोलून ती तळ्याला पाठ करून दक्षिणेला चालू लागली. नवऱ्याबरोबर ती एकदा त्या बाजूला गेली होती, तिथं गोड्या पाण्याची एक बारव तिला आठवत होती. माळ वाजली. बैलांनी माना वळवल्या आणि एकामागून एक तिच्या मागं निघाले. देवाचा बैलसुद्धा निघाला, असं म्हणतात.

थोड्याच वेळात वारा सुटला, आणि वाऱ्याबरोबर तळ्याकाठचं मीठ उडू लागलं. समोरचं माणूस दिसेना. डोळे उघडले की आगीत घातल्यासारखे व्हायचे, म्हणून सगळ्यांनी तोंडावर फडकी ओढली आणि नुसत्या आवाजामागं चालत राहिले. एकदा माळ थांबली. आत्या अडखळून पडली होती. तेवढ्यात सगळ्या बैलांनी तोंडं पुन्हा तळ्याकडं फिरवली. कौसा धावत पुढं गेली आणि तिनं आत्याला उठवलं. उठवताना तिनं आत्याचे डोळे पाहिले. त्यांच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरला होता.

आत्या तिच्या कानाशी लागली. "मला दिसंना गं. कुणाला सांगू नको, हाय खातील. माळ थांबली की बैल फिरतात, म्हणून मी थांबत न्हाई. पाणी आलं की मला हाक मार."

कौसानं हो म्हटलं. पोरीच्या गळ्याची शपथ घेऊन हो म्हटलं.

दिवस कलायच्या वेळेला बैलांना गोड्या पाण्याचा वास आला आणि ते उधळले. माणसंही उधळली. बारव खरंच होती, पाणी खरंच गोड होतं. कौसा पायऱ्यांवरून घसरतच खाली गेली, पदराचं टोक भिजवून तिनं पोरीच्या तोंडात पिळलं. पोरीनं चोखलं. पुन्हा पिळलं, पुन्हा चोखलं, आणि मग ती अशी टाहो फोडून रडली की कौसाही रडायला लागली. मग ती स्वतः प्यायली, ओंजळीनं, श्वास न घेता. तिला दोष देऊ नका. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

तहान भागली आणि तिला माळ ऐकू आली. लांबून. बारवेच्या पलीकडून, आणखी लांब जाणारी.

कौसा वर धावली, हाका मारत सुटली. पण बैलांचा गलका, वाऱ्याचा घोंगावा, कुठं पोहोचणार हाक? सटवा अनवाणी मागं पळाला. मिठावर पावलं उमटलेली होती, ती एका जागी संपली. पुढं नुसतं पांढरं रान. माळ मात्र वाजत होती, असं म्हणतात. पुढं कितीतरी वर्षं त्या रेताडात वाट चुकलेल्यांना ती ऐकू यायची आणि तिच्यामागं गेलेला बारवेवर पोहोचायचा. पण बारव दिसल्यावर तिथंच थांबायचं, आवाजामागं जायचं नाही. जे गेले ते आले नाहीत.

मग आगगाडीनं मीठ यायला लागलं, तांडे मोडले आणि सटव्याच्या माणसांनी इथं घरं बांधली. कौसा पार म्हातारी होऊन गेली. पण मरेपर्यंत तिनं हाक मारल्याशिवाय पाण्याला तोंड लावलं नाही.

म्हणून आजही वाघझरीत प्रवासाहून आलेल्या माणसाच्या हातात तांब्या दिला की तो लगेच पीत नाही. एसटीतून उतरलेला असो, मोटारीतून उतरलेला असो, लेक असो की जावई, उंबऱ्याबाहेर उत्तरेला तोंड करून तो मोठ्यानं म्हणतो, "धुरपदा आत्या, थांब गं, पाणी आलं." नव्या सुना पहिल्यांदा हसतात, मग त्याही म्हणतात. हाक मारून झाली की घरातली सगळी जरा वेळ गप्प राहतात आणि कान देतात. माळ थांबली का, ते ऐकायला. अजून तरी थांबली नाही, असं म्हणतात.