मागची पट्टी

“मग मी काय करू, भंते? शिवण उसवून तिला बाजूनं कळी लावून घेऊ?”

“कुणाला?”

“जीन्सला.”

भंते धम्मरतन खिडकीच्या उजेडात चीवराचा उसवलेला काठ शिवत बसले होते. त्यांनी टाका घातला, दोरा ओढला, काठ बोटानं दाबून पाहिला.

“असं होय,” ते म्हणाले. “मला वाटलं, स्वतःबद्दल विचारतोस.”

शीलवंत हसला नाही. दाराशी पायरीवर बसलेल्या करुणानं, त्याच्या बायकोनं, मात्र चटकन मान वर करून पाहिलं.

विषय निघाला होता तो वंदनेवरून. सकाळी दोघं नवरा-बायको टेकडी चढून विहारात आली. करुणा रीतीप्रमाणे तीनदा जमिनीला डोकं टेकवून बाजूला झाली. शीलवंत गुडघ्यांवर बसला, अर्ध्यात वाकला आणि तिथंच अडकला. तोंड लाल झालं. हात जोडून कसाबसा उठला आणि भिंतीशी उभा राहिला. भंतेंनी विचारलं, कुठं दुखतं का बाबा? तेव्हा त्यानं शर्ट वर करून दाखवला. जीन्सचं वरचं बटण उघडंच होतं आणि दोन्ही काठ एका मोठ्या पिनेनं धरून ठेवले होते.

शीलवंत खोब्रागडे म्हणजे नागपुरातला जीन्सचा जाणता माणूस. त्याचं दुकान लहान, पण नाव मोठं. जुन्या काळी अमेरिकेतले खाणकामगार नि गुराखी ज्या जाडजूड पँटी घालत, तशाच हुबेहूब पँटी आज जपानात बनतात. तसंच कापड, तीच नीळ, तीच शिवण. शीलवंत त्या मागवायचा. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की टेप काढायच्या आधी तो त्याची कंबर सांगून मोकळा व्हायचा. लेबलवरच्या आकड्याला भुलू नका, म्हणायचा. कोरं कापड पहिल्या गरम पाण्यात आटतं, मग अंगावर हळूहळू सैल पडतं. पहिल्या दिवशी बटण लावताना श्वास जरा रोखावा लागला, तरच माप बरोबर. माणसं त्याचं ऐकायची. त्यालाही ते आवडायचं.

भंते मूळचे भंडाऱ्याकडचेच. तरुणपणी जपानला गेले, तिथल्या समुद्रकाठच्या एका गावातल्या बौद्ध देवळात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं, आणि म्हातारपणी परतून ते पवनीजवळच्या या टेकडीवर राहिले. शीलवंत पहिल्यांदा जपानला गेला तो त्यांच्याच ओळखीवर. त्याच देवळात उतरला आणि त्याच गावात त्यानं ही जीन्स घेतली. तेव्हापासून ती त्याच्या अंगावर होती. धुणं क्वचित, इस्त्री कधीच नाही. मांडीवर पांढुरक्या रेघा उमटल्या, गुडघ्यांमागं मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली, खिशावर पाकिटाचा चौकोन उठला. नव्या गिऱ्हाइकाला तो आधी स्वतःची पँट दाखवायचा. बघा, म्हणायचा, ही विकत मिळत नाही. ही घालून घालून अशी होते.

मग तो आजारी पडला.

आतड्यांचा क्षय निघाला. अन्न पोटात ठरेना. पाहता पाहता माणूस असा वाळला की ओळखीची गिऱ्हाइकं दुकानात येऊन, मालक कुठं आहेत, म्हणून त्यालाच विचारू लागली. दवाखान्यात जायचं झालं तरी तो जीन्सच चढवायचा. ती कमरेवर राहायची नाही. तिला मागच्या बाजूला, कमरपट्टीखाली, एक छोटी पट्टी आणि बकल होतं. जुन्या नमुन्यात ते असतं. दर खेपेला करुणा ती पट्टी मागून आणखी थोडी ओढायची. ओढता ओढता एक दिवस पट्टी संपली.

पण औषधं लागू पडली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा करून सांगितलं, आजार गेला, गोळ्या बंद, आता पोटभर जेवा. आणि शीलवंतला भूक लागू लागली. भाकरी, वरण, अंडी, मागेल ते करुणा करून घालायची. गाल भरले, आवाज परत आला. घरात सण असल्यासारखं झालं.

आणि एके सकाळी जीन्सचं बटण लागेना.

त्यानं श्वास रोखला, पोट आत घेतलं, पलंगावर आडवं पडून पाहिलं. नाही म्हणजे नाही. दुकानात त्याच्या नव्या मापाच्या कोऱ्या जीन्स घडी घालून ठेवलेल्या होत्या. त्यांतली एकही त्यानं अंगाला लावली नाही. त्या दिवसापासून तो, भूक नाही, म्हणू लागला. रात्रीचं जेवण सुटलं. मग दुकानातून डबा जसाच्या तसा परत येऊ लागला. करुणानं तो उघडून पाहिला आणि झाकण पुन्हा लावलं. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, रविवारी भंतेंकडे दान घेऊन जाऊ.

आता हे सगळं भंतेंनी विचारत विचारत काढून घेतलं होतं. थोडं त्याच्याकडून, बरंचसं तिच्याकडून.

“नवी घे,” भंते म्हणाले.

शीलवंतचा आवाज चढला. नवी घेऊन काय करू, म्हणाला. ही नुसती पँट नाही. हिच्यावरची एकेक रेघ त्याच्या चालण्याची, त्याच्या बसण्याची आहे. कापड खोटं बोलत नाही. कापडानं त्याचं माप धरून ठेवलंय, आणि ते माप त्याचं आहे. आजाराच्या आधीचं, खरं. त्या मापावर परत यायचं, बस. चार घास कमी खाल्ल्यानं कोणी मरत नाही.

पायरीवरून करुणा हळूच म्हणाली, “मरतात.”

खाली तलावाकडून धोब्यांचे आवाज येत होते...

“मागं वळ,” भंते म्हणाले.

शीलवंत वळला. भंतेंनी बसल्या जागेवरून त्याच्या पाठीकडे पाहिलं. मागची पट्टी अजून शेवटच्या टोकापर्यंत आवळलेली होती. कापड दोन्ही बाजूंनी गोळा होऊन मधे घडी पडली होती, आणि बकलाला तांबूस गंज चढला होता.

“हे कशाला असतं?”

हे विचारल्याबरोबर शीलवंत खुलला. गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगू लागला. त्या काळी कामगारांकडे कमरेचा पट्टा नसायचा. गडी पँट घेताना थोडी मोठीच घ्यायचा आणि मागून ही पट्टी आवळायचा. काम भरपूर असलं, खाणंपिणं नीट असलं की पट्टी सैल. उपासमारीचे दिवस आले की आवळ. एकच पँट दोन्हींत चालायची. शिवणाऱ्याला ठाऊकच होतं ना भंते, माणसाची कंबर काही एका...

तो थांबला.

भंतेंनी पुढचा टाका घातला.

“मग ही अजून आवळलेली का?”

मग शीलवंत म्हणाला की त्या घडीवरचा रंग फार सुंदर उडालाय. घडीच्या कडा पांढऱ्या, आत गडद निळा रंग मिटून राहिलेला. अशी रेघ ठरवून पाडता येत नाही. पट्टी सोडली तर मधेच एक काळानिळा डाग दिसेल. नवा, बाकीच्या कापडाशी न जुळणारा.

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

भंते शिवत राहिले.

“आणखी काही नाही, भंते,” शीलवंत पुन्हा म्हणाला. त्याची पाठ अजून त्यांच्याकडेच होती, तोंड भिंतीकडे. आणि मग त्या भिंतीलाच सांगावं तसं तो हलक्या आवाजात बोलला, “सोडली... आणि पुन्हा आवळायची पाळी आली तर?”

भंतेंनी दोरा दातांनी तोडला. हातातली सुई पुसली आणि समोरच्या आसनावर, करुणाच्या बाजूला, ठेवून दिली.

करुणा उठली. नवऱ्याच्या मागं येऊन गुडघ्यांवर बसली. बकल गंजून पट्टीत रुतलं होतं. बोटांना दाद देईना. तिनं सुई उचलली, तिच्या टोकानं बकलाचे दात एकेक करून कापडातून वर काढले. शीलवंतनं एकदा हात मागं नेला, तिचं मनगट धरलं. तिनं ते सोडवून घेतलं नाही, ओढलंही नाही. नुसती थांबली. थोड्या वेळानं त्यानंच हात काढून घेतला.

पट्टी सुटली. किती महिन्यांची दबलेली घडी हळूहळू पसरली आणि आतला निळा रंग बाहेर आला, दुकानातल्या कोऱ्या कापडासारखा.

शीलवंतनं पुढून पिन काढली. बटण काजाशी नेलं. श्वास रोखायचा म्हणून त्यानं छाती भरून घेतली, पण तोवर बटण लागलंही होतं.

तो तसाच उभा राहिला. भरून घेतलेला श्वास सोडायचा, हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही. मग एकदम सोडला. इतका मोठा, की बाहेर कठड्यावर बसलेली कबुतरं उडाली.

करुणा जमिनीवरच बसून हसू लागली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागली. म्हणाली, दर वेळी ही पट्टी ओढताना मला वाटायचं, मी तुम्हालाच बारीक करतेय. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. शीलवंतलाही नाही. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग तिच्याशेजारी मांडी घालून खाली बसला. सहज बसला.

भिक्खूंच्या नियमाप्रमाणे दुपार व्हायच्या आत भंतेंचं भोजन व्हायला हवं होतं. करुणानं डबे उघडले. चिन्नोर तांदळाचा भात, वालाच्या दाण्यांची भाजी, वरण आणि वर तूप. दोघांनी मिळून भंतेंच्या पात्रात वाढलं. भंतेंनी खाली मान घालून सावकाश भोजन केलं, पात्र धुतलं, हात पुसले आणि आता तुम्ही बसा, म्हणून खुणावलं.

करुणानं शीलवंतच्या ताटात भात वाढला. तो, बस, म्हणाला नाही. तिनं आणखी एक डाव वाढला. तेव्हाही म्हणाला नाही. तिनं वरण ओतलं, तूप सोडलं, आणि भाताचा वास वर येऊ लागला.

पण माणसाचा जुना स्वभाव एका सकाळीत कुठं जातो! घास कालवता कालवता त्याचा हात थांबला. त्याला दुकान आठवलं. लोक येतात, विचारतात. स्वतःचं माप सांगता आलं नाही तर दुसऱ्याचं कुठल्या तोंडानं सांगायचं? तो अगदी मनापासून, विद्यार्थ्यानं विचारावं तसं विचारू लागला.

“भंते, एक सांगा. आता माझं खरं माप कुठलं धरायचं?”

भंते खिडकीपाशी परत गेले होते. चीवराचा शिवलेला काठ उजेडात धरून पाहत होते.

“जेवणाआधीचं विचारतोस,” ते म्हणाले, “की जेवणानंतरचं?”