झीलकऱ्याची ओळ

“पण मग ती ओळ कुणीच का म्हणत नाही, बुवा?” शार्दूलने विचारलं.

रेणबा गोंधळ्यांनी तुणतुणं मांडीवर आडवं घेतलं.

देवीच्या देवळामागच्या ओवरीत भर दुपारी सराव चालला होता. बुवा कथा गात, संबळ वाजे, आणि कडव्याच्या शेवटी मागून साथ गाणाऱ्या झीलकऱ्याने सूर उचलायची वेळ आली की सगळे गप्प. एका ओळीपुरती शांतता. मग कथा पुढे.

बुवांचा धाकटा भाऊ अंबू तिथे झील धरायचा. तो गेल्यापासून घोंगडीवरची त्याची जागा मोकळी होती, आणि त्याची ओळही. वर्षभर ती कुणी भरायची नाही, ही त्यांच्या घरची रीत.

शार्दूल परदेशात संगीत शिकून नुकताच परतला होता. इथलं गाणं जगाला ऐकवायचं, या ध्यासाने तो बुवांकडे येऊन बसायचा. त्याला ती शांतता खुपायची. गाण्याची वीण तिथे फाटते, असं त्याचं म्हणणं.

वीण म्हणजे काय, असं बुवांनी विचारल्यावर, गाण्यात सूर एकमेकांत कसे विणले जातात ते दाखवायला त्याने मोबाइलवर इंग्रजी रॉक गाणी लावली. एकात गायकाचा गळा अगदी उघडा, खाली काहीच नाही. दुसऱ्यात गळा वर, आणि गिटारच्या सुरांची बैठक खाली. तिसऱ्यात गिटार, खर्जातली बास गिटार आणि गळा, सगळे मिळून एकच चाल वाजवणारे. चौथ्यात दोन गळे, दोघांच्या चाली वेगळ्या, एकमेकींत गुंतलेल्या आणि तरी सुट्या ऐकू येणाऱ्या.

बुवांना मजा वाटली. तिसरं गाणं त्यांना आरतीसारखं वाटलं. फक्त आरतीत एखादा तरी मागे राहतो, म्हणाले.

त्यांची बायको सोनाबाई कोपऱ्यात शेंगा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, “एवढ्या गलक्यात यांच्यातला एखादा मेला तरी कळायचं न्हाई कुणाला.”

संबळवाला हसला. शार्दूल हसला नाही.

थोड्या वेळाने त्याने स्वतःचं गाणं लावलं.

“किती गळे?” बुवांनी विचारलं.

“दोन. दोन्ही माझेच.”

बुवांनी पुन्हा लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं.

“आणि तिसरा?”

“तिसरा नाहीच, बुवा. तो मी पुसलाय.”

“कुणाचा?”

“...पिनाकचा.”

मग त्याने सांगितलं. हे गाणं त्याने आणि तिकडे त्याच्याबरोबर शिकणाऱ्या पिनाकने मिळून बांधलं होतं. गाणं पुरं व्हायच्या आत पिनाक तिकडच्या एका तळ्यात पोहायला उतरला, तो वर आलाच नाही. ध्वनिमुद्रणातला त्याचा आवाज शार्दूलला ऐकवेना. म्हणून त्याने तो काढून टाकला आणि पिनाकची ओळ स्वतःच गायली. आता गाणं लोकांसमोर आणायचं होतं. त्याआधी कुणीतरी एवढंच म्हणावं, की गाणं पुरं आहे.

बुवांनी मोबाइल उचलला आणि घोंगडीवर पालथा ठेवला.

“म्हण.”

“इथं?”

“व्हय. तुझी ओळ तेवढी म्हण. त्याची सोड.”

अंबूच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून त्यांनी त्याला बसवलं.

शार्दूलने गाणं उचललं. आपली ओळ संपली तिथे तो थांबला. ओवरीत माश्यांची गुणगुण तेवढी होती. पिनाकची ओळ रिकामी गेली.

त्याने दुसरं कडवं घेतलं.

या वेळी त्या रिकाम्या जागेत काहीतरी हललं. आधी नुसता श्वास. मग सूर. नेमक्या सुराला जरा उशिरा पोचणारा, खालून वर चढत येणारा... पिनाक असाच गायचा. परीक्षक त्याला त्यासाठी नेहमी बोलायचे.

सोनाबाईचा हात शेंगांवर थांबला. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. संबळवाल्याने कुणाकडे न बघता हात जोडले.

घोंगडीवर कुणीही नव्हतं.

शार्दूल गात राहिला. आता दोन चाली एकमेकींत शिरत होत्या. त्याची एक, दुसरी त्याची नसलेली. ध्रुवपदाच्या मधोमध त्याचा आवाज तुटला.

तो थांबला.

दुसरा आवाज थांबला नाही. भर उन्हात तो तसाच पुढे गेला, उघडा, चाचपडत... अंधारात पायरी शोधावी तसा.

“बुवा,” शार्दूल कसाबसा बोलला, “हा... कोण गातोय?”

बुवांनी तुणतुण्याची तार छेडली.

“ते मागनं इचार. आधी सूर धर, तो एकटा पडलाय.”