आठ शून्य आठ शून्य, दारात कोण?

एका कॉम्प्युटरच्या पोटात दारंच दारं. दारादारावर नंबर. आठ शून्य आठ शून्य या दारात राहायची टिवटिवी. हरभऱ्याएवढी! तिथून ती ओजूबाळाला गाणी पाठवायची. गाणं आलं, की ओजू भात खायची. गट्टम!

एकदा टिवटिवी आंघोळीला गेली. बुडुक बुडुक! परत येते तर काय? दारात लठ्ठ फोटोबा! गादी पसरलेली. मांडीवर फोटोंचा ढीग.

"अगंबाई! फोटोबा, हे माझं दार!"

"पाटीवर कुठंय तुझं नाव? रिकामं दिसलं, बसलो. पाटीवाल्या मावशी तुझं नाव लिहितील, तर मी उठेन."

टुणुक टुणुक! टिवटिवी मावशींकडे.

"मावशी, मावशी, फोटोबा उठत नाहीत. मी गाऊ कुठून?"

"दरवानकाका हो म्हणतील, तर मी लिहीन."

टुणुक टुणुक! टिवटिवी काकांकडे.

"काका, काका, मावशी लिहीत नाहीत, फोटोबा उठत नाहीत. मी गाऊ कुठून?"

"ओजूची आई बटण दाबेल, तर मी हो म्हणेन."

टुणुक टुणुक! टिवटिवी थेट पडद्यावर.

"आई, आई, काका हो म्हणत नाहीत, मावशी लिहीत नाहीत, फोटोबा उठत नाहीत. मी गाऊ कुठून?"

"अगं, कडेवर ओजू रडतेय! हात कुठंय मोकळा? ओजू हसेल, तर मी बटण दाबेन."

"ओजू, ओजू, आई बटण दाबत नाही, काका हो म्हणत नाहीत, मावशी लिहीत नाहीत, फोटोबा उठत नाहीत. मी गाऊ कुठून?"

"गाणं हवंऽऽऽ!"

झालं! टिवटिवीला भोवळच आली. गरगर, गरगर, धपाक! पडली उताणी. पाय वर!

ओजू बघतच राहिली. आणि खुदकन हसली!

ओजू हसली, आईने बटण दाबलं. टिक!
आईने बटण दाबलं, काका म्हणाले, "हो हो हो!"
काका हो म्हणाले, मावशींनी खडू उचलला.
मावशींनी खडू उचलला, फोटोबा उठले. गादी घसरली. फोटो सांडले. भसाभस!

"अहो फोटोबा, थांबा थांबा! एवढा पसारा कुठे नेणार?" टिवटिवी म्हणाली.

शेजारी एक दार होतं. आठ शून्य आठ एक.

टकटक! "आत कुणी आहे का?"

कुणीच नाही.

पुन्हा टकटक! "नक्की कुणी नाही ना?"

कुणीच नाही!

"मावशी, मला हेच दार लिहा!"

मावशींनी लिहिलं, 'आठ शून्य आठ एक, टिवटिवी.'

"आणि आठ शून्य आठ शून्य, फोटोबा! माझंही लिहा हो!" फोटोबा ओरडले. आणि बसले. भप्प!

टिंग टिंग टिडिंग! नव्या दारातून गाणं निघालं. ओजूने केला मोठा आऽऽ. भात गट्टम!

आता टिवटिवी कितीही वेळ आंघोळ करते. बुडुक बुडुक बुडुक!