भिवबाची जादा होडी

फार पूर्वी, खाडीतले प्राणी शिडाच्या होड्या हाकत तेव्हा, तिथे बऱ्याच दिवसांची शर्यत लागली. चिमा पाणमांजर सुकाणू धरणार होती आणि तिचा जोडीदार भिवबा खेकडा दुरुस्तीचं सामान भरणार होता.

भिवबाने जादा शिडं आणली, मग डोलकाठ्या, दोरखंड आणि डांबराची पिंपं आणली.

"अहो भिवबा, मी बसू कुठे?" चिमाने विचारलं.

"थांबा हो चिमाताई. होडीच फुटली तर?" असं म्हणून त्याने एक अख्खी होडी ओढत आणली आणि त्या ढिगावर चढवली.

भाराने खालची होडी धक्क्यालाच बुडाली. वरची मात्र तरंगत राहिली.

"बघितलंत? लागली की नाही जादा होडी?" भिवबा नांग्या नाचवत म्हणाला.

तेवढ्यात शर्यतीचा शंख वाजला. चिमा उडी मारून होडीत बसली. "चला लवकर!"

"तुम्ही व्हा पुढे. आता हिच्यासाठी एक जादा होडी बघतो."

चिमा एकटीच गेली आणि सगळ्यांच्या शेवटी परतली. भिवबा नव्या होडीसह धक्क्यावर उभाच होता.

"वाटेत काही कमी पडलं का हो?" त्याने काळजीने विचारलं.

"पडलं ना," चिमा म्हणाली. "मी शीड शिवत होते, तेव्हा सुकाणू धरायला कुणीच नव्हतं."