पाणी वाढलं

एका गावात एक विहीर होती, आणि त्या गावात तीन शब्द बोलायला बंदी होती. संपलं, आटलं आणि घटलं. का म्हणून विचारू नका. वाडवडिलांनी सांगितलं होतं, आणि वाडवडिलांना विचारायची आता सोय नव्हती.

तसं आपणही दिवा विझवत नाही, वाढवतो. हातातली बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणतो. त्या गावाने हे पार टोकाला नेलं होतं, एवढंच. डब्यात पिठाचा खडखडाट झाला की बाई शेजारणीला सांगायची, "पीठ वाढलं गं." नव्या माणसाला वाटायचं, काय ही भरभराट.

विहिरीवर तानूबाई नावाची मापारीण होती. गाठी मारलेल्या दोराला दगड बांधायचा, रोज दुपारी तो विहिरीत सोडायचा आणि कितव्या गाठीला पाणी लागलं ते पाहायचं, हे तिच्या घराण्याकडे चालत आलेलं काम. चौथी गाठ हातातून सुटली की दगड डुबकन बुडायचा. पाच पिढ्या तो चौथ्याच गाठीला बुडत होता.

मग सरबताची पेढी आली. सात मुलखांत तिची दुकानं होती. पेढीचा शेठ समुद्रापलीकडचा. तेव्हा पाऊस वाट चुकायला लागला होता. यायचा तेव्हा धिंगाणा घालायचा, नाहीतर दोन दोन वर्षं तोंड दाखवायचा नाही. शेठ शहाणा होता. त्याने सातही मुलखांत दवंडी पिटली, "जिथे पाणी घटेल तिथले आमचे रहाट बंद होतील. जिथे वाढेल तिथेच आम्ही जास्त उपसू." नियम चांगला होता, उगाच खोटं कशाला बोला?

पेढीने गावाच्या विहिरीवर दोन रहाट बसवले. दर आठवड्याला पेढीचा कारकून वही घेऊन यायचा. त्याने गावाची भाषा शब्दांच्या पुस्तकातून शिकली होती, आणि पुस्तकात जेवढं होतं तेवढी त्याला छान येत होती.

पहिल्या महिन्यात दगड सहाव्या गाठीला बुडाला. कारकुनाने विचारलं, "बाई, पाणी कसं आहे?"

"वाढलं," तानूबाई म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

"वा," कारकून म्हणाला आणि त्याने लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात दोनाचे चार रहाट झाले. तानूबाईला नवल वाटलं. पण मोठ्या लोकांचं गणित मोठं असेल, असं म्हणून ती गप्प बसली.

दगड नवव्या गाठीला गेला, मग अकराव्या. आधी बेडूक गप्प झाले. मग पाखरं विहिरीवरून उडेनाशी झाली. थव्याने यायची आणि काठाशी आली की दोन्ही बाजूंनी फुटून जायची. भर दुपारी विहिरीतून ऊन ऊन वारा वर यायचा, कुणी खाली बसून उसासे टाकावेत तसा. एकदा दोर ओढताना तानूबाईला वाटलं की खालून कुणी तो हळूच धरलाय. तिने ओढला, तर तो सुटला. दगड कोरडा होता आणि गरम होता. रात्रीत जे झिरपायचं ते रहाट सकाळीच ओढून न्यायचे, आणि रहाटावरची माणसंही गावचीच, तीही "वाढलं" म्हणायची.

गावात तर बोलणंच भयाण झालं. "आमची गुरं वाढली," लोक सांगायचे, आणि गोठ्यात नुसत्या दावणी असायच्या. दुपारी वारा सुटला की घराघरांतल्या रिकाम्या घागरी हूं हूं करत घुमायच्या. पोरं आईच्या पदरात तोंड खुपसायची. आया म्हणायच्या, "घाबरू नको, घागरी वाढल्यात, म्हणून गातात."

तानूबाईची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना होता. तिला दिवसाला दोन तांबे पाणी मिळायचं, आणि त्यातला अर्धा तांब्या तानूबाईच्या वाटणीचा असायचा. लेकीचे ओठ फुटले होते. ती काही मागत नव्हती, आणि त्यानेच तानूबाईचा जीव तुटत होता.

एक दिवस कारकून हसत हसत आला. "बाई, तुमच्या गावाचं नशीब थोर. सातही मुलखांत विहिरी घटल्यात, आम्ही तिथले रहाट बंद केलेत. वाढणारी विहीर ही एकच. शेठ स्वतः तिला हार घालायला येणार आहेत. आणखी आठ रहाट बसवणार."

त्या क्षणी तानूबाईला कळलं की तिचा शब्द त्या वहीत जाऊन उलटा होत होता. तिने कारकुनाची बाही धरली. "दादा, एकदा आत डोकावून तरी बघा."

"माझं काम वहीचं," तो म्हणाला. "डोकावायला वेगळा माणूस नेमलाय. तो अजून यायचाय."

तानूबाई धावत पाटलांकडे गेली. "पाटील, त्यांना सरळ शब्दात सांगायला हवं."

पाटलांनी आवाज खाली आणला. "तो शब्द? विहिरीच्या काठावर? घरात पोटुशी लेक आहे तुझी. जे नाव घेशील ते घरात शिरतं, हे मी तुला सांगायचं का?"

तानूबाई घरी परतली. लेक भिंतीला टेकून झोपली होती, आणि कोपऱ्यातली घागर हूं हूं करत होती. शब्द बोलावा तर बाळाची भीती, न बोलावा तर आठ रहाटांची. दोन दिवस ती दोर मांडीवर घेऊन गाठी मोजत बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेठ आला. सोबत ढोल, फुलांचा मोठा हार आणि आठ रहाटांच्या गाड्या. सगळं गाव काठावर जमलं. शेठने कारकुनाकरवी विचारलं, "मापारीणबाई, सगळ्यांसमोर सांगा. पाणी कसं आहे?"

पाटील टक लावून बघत होते. बायकांनी पदर तोंडाला लावले. तानूबाईने लेकीकडे पाहिलं. लेक उन्हात उभी होती, एक हात पोटावर ठेवून.

"संपलं," तानूबाई म्हणाली.

गर्दीत कुणीतरी किंचाळलं. आणि मग विहीर बोलली. "संपलं," असं तिने आतून, तानूबाईच्याच आवाजात, पण म्हातारी होऊन म्हटलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा. भरलेल्या विहिरीला प्रतिध्वनी कुठला असायला? गावाने तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

शेठ काठावर वाकला. त्याच्या हातातला हार निसटला आणि खाली गेला. बराच वेळ गेला. मग धप्प असा कोरडा आवाज आला.

"पण वहीत तर वाढलं लिहिलंय," शेठ म्हणाला.

"आमच्यात संपण्याला वाढणं म्हणतात," तानूबाईने सांगितलं.

"मी नियम केला होता."

"केला होतात. आणि आम्ही जीभ आवरली होती. पण सहा महिन्यांत तुमचं कुणी एकदाही आत डोकावलं नाही, आणि आम्ही रोज डोकावूनही बोललो नाही."

शेठने रहाटवाल्यांना हात केला. रहाट त्याच दुपारी थांबले. पण रहाट थांबले म्हणून पाणी थोडंच वर येतं?

बाळंतपणाला पाणी लागतं. आठवडाभरात तानूबाईने लेकीला बैलगाडीत बसवलं आणि सासरी परत पाठवलं. माहेरी आलेली पोटुशी लेक उंबऱ्यावरून माघारी धाडायची, याहून मोठी लाज त्या मुलखात नव्हती.

"आई, मला का पाठवतेस?" लेकीने विचारलं.

"घरात पाणी नाही, बाळा," तानूबाई म्हणाली. इतकं साधं वाक्य ती जन्मात पहिल्यांदा बोलली होती. मग ती ढसाढसा रडली.

शब्दाने बाळाला काही झालं नाही. सासरी ते सुखरूप जन्मलं. शेठनेही पळ काढला नाही. त्याची माणसं लांबून पाण्याच्या गाड्या आणत राहिली आणि गावाबरोबर डोंगरावर बांध घालत राहिली. आता शेठ आधी विहिरीत डोकावायचा आणि मगच वही उघडायचा. तीन पावसाळ्यांनंतर तळाशी गुडघाभर पाणी दिसलं. तेव्हा कुठे लेक माहेरी आली. कडेवर तीन वर्षांची नात होती. तानूबाईने दोन्ही हात पुढे केले, पण नातीने तिला ओळखलं नाही. ती आईच्या मानेत तोंड लपवून रडायला लागली.

तर मंडळी, तात्पर्य एवढंच घ्या: वाईट शब्द उच्चारल्याने वाईट होत नाही, वाईट झालेलं गोड शब्दात झाकल्याने होतं, आणि चांगला नियम करणाऱ्यानेही आधी विहिरीत डोकावावं, मग वहीत.