खिंडीतला धोंडा

गोष्ट जुनी आहे, इतकी जुनी की तेव्हा वाटा कुणी बांधत नसे. माणसं ये-जा करत आणि त्यांच्या पावलांनीच वाटा पडत.

एका मोठ्या डोंगराच्या दोन अंगांना दोन गावं होती. एक उगवतीचं, दुसरं मावळतीचं. मधे एक अरुंद खिंड. दोन्हीकडे उभे कडे आणि त्यांच्यामधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट. सकाळी निघालेला माणूस जेवणवेळेपर्यंत पलीकडच्या गावात पोचायचा.

उगवतीच्या गावात चिमा नावाची बाई राहायची. नवरा लवकर गेला. मागे एकच लेक, मैना. चांगली चांगली स्थळं दूरदूरच्या गावांहून आली होती, पण चिमानं मैनेला दिली मावळतीच्या गावात. लेक डोळ्यांसमोर राहावी, एवढाच तिचा हेतू. "खिंड ओलांडली की माहेर," ती मैनेला म्हणाली होती. "मनात आलं की निघायचं. निरोपाचीसुद्धा वाट बघायची नाही."

आणि मैना येतही असे. पुढे तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं. चिमानं डिंक आणून ठेवला, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली, खाटेची सुतळी नव्यानं आवळून घेतली. पाऊस ओसरला की मैना येणार होती.

त्याच पावसाळ्यात डोंगराची दरड कोसळली. सगळी माती, दगड खाली वाहून गेले, पण एक प्रचंड धोंडा खिंडीतच अडकून बसला. घरापेक्षा उंच, दोन्ही कड्यांना टेकलेला. वरून चढायला जागा नाही, बाजूनं सरकायला फट नाही. शेजारून बारमाही ओढा असा गर्जत होता की पलीकडे घातलेली हाक अलीकडेच विरून जाई. डोंगराला वळसा घालून जावं, तर घनदाट रान. त्या रानात गेलेलं माणूस परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मैनेचे दिवस भरले असतील, चिमा मनात मोजत राहिली. मग ते उलटूनही गेले. मुलगा झाला की मुलगी? सुखरूप सुटली का? की... पुढचा विचार ती मनात येऊ देत नसे. ती उठून अंगण झाडू लागे, झाडलेलं अंगण पुन्हा झाडू लागे.

उगवतीच्या गावचे पाटील कर्ते गृहस्थ होते. त्यांनी गाव गोळा केलं. "पलीकडे आपल्या लेकीबाळी आहेत, सोयरेधायरे आहेत. धोंडा हटवल्याशिवाय गप्प बसायचं नाही," ते म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी गावातली धडधाकट माणसं खिंडीत जात आणि धोंड्याला खांदे लावत. पाय रोवून, दात आवळून ढकलत. चिमाही त्यांच्यात असे. पण धोंडा काही जागचा हलत नव्हता.

असे महिने गेले. वर्षही उलटलं. माणसांच्या पायांनी जमिनीत खड्डे पडले, खांद्यांना घट्टे पडले. लोक येत राहिले, पण आता त्यांच्या डोळ्यांत आशा नव्हती. सवय होती.

एक दिवस चिमाला निघायला उशीर झाला. ती खिंडीत पोचली तेव्हा गाव थकून परत गेलं होतं. ती एकटीच धोंड्याजवळ गेली आणि पाठ टेकून खाली बसली. गार दगडाच्या पलीकडे आपली लेक आहे, एवढ्या आधारानं तिला बरं वाटत असे.

बसल्या बसल्या तिच्या पाठीला थरथर जाणवली.

ती दचकून उठली. धोंड्यावर दोन्ही तळवे ठेवले. धोंडा खरंच थरथरत होता. बुडाशी एक लहानसा खडा होता, तो तिच्या डोळ्यांदेखत कचकन चिरडला. धोंडा बोटभर सरकला होता, आणि तोही तिच्याच दिशेनं!

अलीकडे तर कुणीच नव्हतं. मग हा जोर कुणाचा?

चिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण जसे इकडून ढकलतो, तसंच पलीकडून कुणीतरी ढकलतंय. आपल्याला त्यांच्याकडे जायचंय आणि त्यांना आपल्याकडे यायचंय. रोज सकाळी दोन्ही गावं एकाच वेळी एकाच धोंड्याला खांदा लावतात; आज पलीकडचे तेवढे उशिरापर्यंत ढकलत राहिले. आपला जोर तिकडे, त्यांचा जोर इकडे. धोंड्यानं जायचं तरी कुठे?

ती धावतच पाटलांच्या ओसरीवर गेली. "पाटील, उद्या आपण ढकलायचं नाही. नुसतं बाजूला उभं राहायचं."

पाटील हसले, पण मायेनं. "चिमाआत्या, लेकीच्या आठवणीनं तुम्हाला आता दगडही हलताना दिसायला लागले."

"माझ्या डोळ्यांसमोर हलला. पलीकडून जोर लागतोय. आपण थांबलो तर तो आपल्याकडे येईल."

"आपल्याकडे?" पाटलांचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे संकट अंगावर ओढून घ्यायचं?"

"अंगावर कशाला? खिंडीच्या तोंडाशी आपल्या बाजूला उतार आहे आणि उताराला लागून खोल घळ आहे. धोंडा एकदा उताराला लागला की स्वतःच्याच वजनानं घळीत जाईल. त्यांच्या बाजूला चढ आहे, पाटील. आपण जन्मभर ढकललं तरी तो चढावर जायचा नाही."

पाटलांनी खिंडीच्या दिशेनं पाहिलं. धोंडा आपल्यापासून दूर लोटायचा, एवढंच आजवर सगळ्यांच्या डोक्यात होतं. तो जवळ येऊ द्यावा, असं कुणाच्या मनालाच शिवलं नव्हतं.

"एक सकाळ," ते शेवटी म्हणाले. "एकच."

दुसऱ्या दिवशी गाव खिंडीत गेलं आणि हाताची घडी घालून उभं राहिलं. सूर्य वर आला. धोंडा हलला नाही. थरथरलासुद्धा नाही. कुणीतरी हसलं, कुणी पाय आपटत निघून गेलं. पाटील हळूच म्हणाले, "आत्या, आता घरी चला."

चिमा गेली नाही. ती धोंड्याकडे बघत राहिली. काल जोर होता, आज नाही. तेही थांबले असतील का? जे माझ्या मनात आलं, तेच पलीकडे कुणाच्या मनात आलं असेल तर? आज दोघंही थांबलो, उद्या दोघंही ढकलू आणि धोंडा पुन्हा तिथल्या तिथे. एकमेकांना सांगितल्याशिवाय हे व्हायचं नाही. पण सांगणार कसं? हाक तर पोचत नाही.

ती विचार करत घरी आली. कोपऱ्यात मुसळ उभं होतं. मैना लहान होती तेव्हापासून दोघी एकाच उखळात कांडत. आईचं मुसळ वर गेलं की लेकीचं खाली, लेकीचं वर गेलं की आईचं खाली. दोन्ही एकदम आली तर एकमेकांवर आदळत. म्हणून चिमानं लेकीला पहिली गोष्ट शिकवली होती ती थांबण्याची.

मुसळ खांद्यावर टाकून ती पुन्हा खिंडीत आली आणि धोंड्यावर घाव घातला. धप्प. थांबली. पुन्हा धप्प. पुन्हा थांबली. मग तिनं कान दगडाला लावला. हवेतून जो आवाज पोचत नव्हता, तो दगडातून जात होता की नाही, कोण जाणे. ती घाव घालत राहिली, थांबत राहिली. हात भरून आले.

आणि एका थांब्यात, दगडाच्या पोटातून, अगदी बारीक आवाज आला. ठप्प.

चिमानं श्वास रोखला. तिनं घाव घातला, थांबली. पलीकडून उत्तर आलं. तिनं घातला, थांबली. उत्तर आलं. एकदाही चुकलं नाही, एकदाही आवाजावर आवाज पडला नाही. असं कांडणारं या जगात एकच माणूस होतं.

"आहे," ती धोंड्याला गाल लावून म्हणाली. "माझी मैना आहे."

तिनं गावाला बोलावून आणलं. पाटलांनी कान लावून ऐकलं आणि मग त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मोटेचे दोरखंड आणले, ते धोंड्याच्या कपारींत अडकवले. बायकांनी घागरींनी पाणी आणून धोंड्यापुढची लाल माती चिकट होईतो भिजवली, म्हणजे घसरायला सोपं जाईल. माणसं दोरखंड धरून बाजूच्या उंचवट्यावर उभी राहिली.

चिमानं मुसळाचा एक घाव घातला, पलीकडून उत्तर आलं, तशी मुसळ खाली ठेवून ती बाजूला झाली; आईचा हात थांबला की आपण जोर लावायचा, हे लेक कांडतानाच शिकली होती. आता माझा हात थांबला, बाई. आता तुझा.

क्षणभर काहीच झालं नाही. मग धोंडा थरथरला. "ओढा!" पाटील ओरडले. पलीकडून रेटा, अलीकडून ओढ, दोन्ही एकाच दिशेला. वर्षभर अडून बसलेला धोंडा चिखलावरून करकरत सरकला. हातभर आला, मग उताराला लागला. "सोडा दोर!" माणसांनी दोर टाकले. धोंडा गडगडत निघाला आणि घळीत कोसळला. सगळा डोंगर हादरला.

धूळ खाली बसली तेव्हा खिंडीत मैना उभी होती. वाळली होती, उन्हानं काळवंडली होती. हातात मुसळ आणि कडेवर एक पोर.

"आई," ती म्हणाली, "आज सकाळी मी कुणालाच धोंड्याला हात लावू दिला नाही गं. वाटलं, आपण थांबलो तर तुम्ही तरी ढकलाल."

 चिमानं नातीसाठी हात पुढे केले, तशी ती चिमुरडी या अनोळखी बाईकडे बघून भोकाड पसरून रडायला लागली आणि आईच्या मानेत तोंड लपवून बसली. तिचा जन्म, तिचं बारसं, तिचा पहिला दात, सगळं धोंड्याच्या पलीकडे होऊन गेलं होतं. धोंडा हटला तरी ते दिवस काही परत येणार नव्हते.

"रडू दे," चिमा डोळे पुसत म्हणाली. "मी थांबते. होईल ओळख."

दोन्ही गावची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. पाटील मात्र धोंड्याच्या रिकाम्या जागेपाशी उभे होते. अलीकडे, धोंडा घसरून गेला तरी, त्यांच्या माणसांच्या पायांनी पडलेले खड्डे उरले होते. पलीकडेही तसेच खड्डे होते. पाटलांनी वाकून त्यांत हात घालून पाहिलं. दोन्ही सारखेच खोल होते.

तात्पर्य : दोघांची ओढ कितीही खरी असली, तरी जोर समोरासमोर लागला तर अडसर जागचा हलत नाही, तो हटवायचा तर कुणाला तरी आधी थांबून दुसऱ्याच्या जोराची दिशा ओळखावी लागते.