हौदातलं तूप

माणदुर्गाच्या राजेसाहेबांना कुस्तीचं भारी वेड. एकदा त्यांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी हुकूम काढला, "तालमीत आजपासून फक्त तूप आणि बदाम. भाकरी, डाळ, पालेभाजी गरिबांनी खावी. कुरकुर करील त्याला तालमीबाहेर काढा."

पंधरा दिवसांत पैलवानांचे हाल झाले. पोटं गच्च आणि चार जोर मारले की धाप. शेजारच्या संस्थानाशी कुस्त्या आठवड्यावर आल्या होत्या, पण राजेसाहेबांना सांगणार कोण?

एके सकाळी राजेसाहेब नेहमीप्रमाणे मेहनतीला आले, कुस्तीच्या हौदात उतरले आणि सर्रकन घसरून दाणकन आपटले. सगळी माती तुपानं लदबदली होती.

"भैरू वस्ताद, हे काय?"

"हौद केला, सरकार. सगळ्यात भारी तेच घातलं. नुसतं तूप."

"चाळीस वर्षं तालीम सांभाळता आणि एवढं कळत नाही? मातीला तेल लागतं, ताक लागतं, हळद, लिंबू, सगळं मापात लागतं!"

वस्तादांनी हात जोडले. "मातीला एवढं लागतं, सरकार. मग तिच्यात लढणाऱ्याला दमासाठी भाकरी, अंग भरायला डाळ आणि पोट हलकं राहायला भाजी नको?"

 राजेसाहेब तुपाळ हात पुढे करून हळूच म्हणाले, "आधी मला उठवा. आणि भाकऱ्या टाकायला सांगा. माझ्याही दोन. पंधरा दिवस मीही तूप-बदामच गिळतोय, पण हुकूम माझाच, मागे कसा घेणार?"